नव्या तांदळाची पिशवी

पिरनवाडीच्या रस्त्याला आमच्या सुपरमार्केटची ब्रँच उघडायची होती तेव्हा आत रॅक नव्हते की फ्रीज नव्हता, नुसती सिमेंटची धूळ. ती फरशी आम्ही बायकांनी गुडघे टेकून घासली. मग युनिफॉर्म मिळाले आणि मी बिलिंगला लागले. तेव्हापासून किती मॅनेजर आले नि गेले, आम्ही आहोत तिथंच आहोत. म्हणून मी ब्रँचला आमची म्हणते. कुणाला खुपत असेल तर खुपू दे.

आमच्यातल्या बऱ्याचजणींच्या घरी भाताची शेती. सुगी झाली की ज्यांना शेत नाही त्यांच्या घरी नवा तांदूळ थोडा तरी पोचवायचा, ही गावातली रीत आम्ही ब्रँचमध्येही चालवली. तांदूळ विकायच्या दुकानात घरचा तांदूळ आणून वाटायचा, म्हणून आधीचे मॅनेजर हसायचे.

नवा हसणारा नव्हता. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीनं दारात पिशवी उघडून दाखवायची, असा नियम त्यानं आल्या आल्या काढला. त्या दिवशी भाजीच्या सेक्शनमधल्या आक्कासाठी मी नवा तांदूळ नेलता. नेमकी तिची रजा. पिशवी तशीच परत निघाली. दारातल्या वॉचमन अण्णांना आमची रीत माहीत. त्यांनी जा म्हणून हात केला. पण मागंच मॅनेजर उभा. त्यानं मूठभर तांदूळ बाहेर काढला आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणाला, हा आपल्या पिंपातला सुटा माल आहे, ही चोरी आहे. चोरी केली असं लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको.

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकांत आमच्या गावची माणसं होती. नोकरी काय, खडेबाजारात कुठल्याही दुकानात मिळाली असती. पण चोर हे नाव माझ्या आधी घरी पोचलं असतं आणि पोरींच्या लग्नापर्यंत पुरलं असतं.

"सर, आमच्या शेतातला तांदूळ हाय. लिहून देणार न्हाय," एवढंच बोलले, पिशवी त्याच्या हातात दिली आणि बाहेर पडले. रिक्षात मात्र रडू आवरलं नाही. रागानं रडत होते, भीतीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हटलं तरी गेले. बघते तर सगळ्याजणी दारात, प्रत्येकीच्या हातात घरच्या तांदळाची पिशवी. फोनाफोनी कुणी केली ते आजही कुणी सांगत नाही. आत येतानाच तपासून घ्या अण्णा, जाताना भानगड नको, असं म्हणत एकेकीनं पिशवी उघडली. निपाणीकडची एक जैन बाई, तिच्या माहेरी कुठलं भात! तिनं ज्वारीचा शाळू आणलता. तो बघून अण्णांना हसू आवरेना. गिऱ्हाइकं ट्रॉल्या थांबवून बघत उभी राहिली. एकीनंही काउंटर उघडला नाही.

मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. गैरसमज झाला, विषय संपला, पिशवी घे आणि कामाला लाग, म्हणाला. मी हात पुढं केला नाही. चोर दारात म्हणालात, तर दारातच सांगा, म्हटलं. त्याचा चेहरा पडला.

शेवटी आला. पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हिनं चोरी केली नव्हती, चूक माझी. पिशवी माझ्या हातात दिली. आणि जाता जाता आपला मोठेपणा राखायला बजावलं, यापुढं घरचा तांदूळ ब्रँचमध्ये आणायचा नाही.

"आणणार, सर," मी म्हटलं. "पुढच्या सुगीला तुमच्यासाठी बी आणणार. फकस्त तो तुम्हाला हितंच, ह्या दारात, सगळ्यांसमोर घ्यावा लागंल."