उजवीकडची सीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. एरवी माझं तोंड म्हणजे – विचारा भिवंडीत कुणालाही! पण इथवर आलं की दातखीळ बसते.

अब्बांकडे इम्पाला होती. लांबलचक, फिकट निळी, अमेरिकेची. आमच्या मोहल्ल्यातली प्रत्येक नवरी तिच्यातूनच सासरी गेली. कापडाचे लूम बंद करून आले की अब्बा आधी गाडी पुसायचे, मग जेवायचे. अम्मी म्हणायची, "सवत आणून ठेवलीय दारात."

तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला त्याच्या पलीकडचं काही दिसायचंच नाही. उजवीकडे बसलेल्याने बघून सांगायचं – जा, नाहीतर थांबा. ती सीट माझी. कॉलेजात जाणारी लाडकी लेक ना मी! अब्बा माझ्या डोळ्यांनी गाडी चालवायचे, आणि केवढा तोरा होता मला त्याचा.

खारबावच्या रस्त्यावर पुढे ट्रक होता. अब्बांनी विचारलं, "काय गं?" मी – काय करत होते, सांगू? नवा गॉगल घातला होता, तो आरशात बघत होते. मान न वळवताच म्हणाले, "जा अब्बा."

समोरून सायकल येत होती. काशिनाथ – दिघाशीचा, आमच्याच लूमवर ड्युटीला निघालेला. जागीच गेला. त्याची बायको आमच्या दारात येऊन बसली. रडलीसुद्धा नाही. "माझा माणूस कुठं हाय?" एवढंच विचारत राहिली.

तिच्यासमोरच चाचांनी मला विचारलं, "उजवीकडे तू होतीस ना? काय बोललीस?"

"थांबा म्हणाले होते," मी म्हटलं.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. रागाने? छे – रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हां, बोलली ती. मलाच ऐकू नाय आलं." पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं.

सगळ्यांना पटलं. लूमवाल्यांचे कान त्या खटखटाटाने जातातच की! त्या दिवसापासून अब्बा बहिरे झाले. घरच्यांनी त्यांच्याकडून गाडीची चावी काढून घेतली. घरातले ओरडून बोलायला लागले, नातवंडं हसायची, पुढे कानात मशीन आलं. पण भिंतीपलीकडे एखादा लूम थांबला की त्यांचीच मान आधी वळायची. मला दिसायचं ते. आणि मी काय केलं? मीही ओरडूनच बोलले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

इम्पाला आता काल्हेरच्या एका गोदामात असते, लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने जाते. मी त्या बाजूला जात नाही.

अब्बा गेले त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकले. आज सांगायचंच – हळूच, त्यांना ऐकू येणार हे मला एकटीलाच ठाऊक होतं. तोंड उघडलं, तर खोलीतले सगळे माझ्याकडेच बघत होते. मी ओरडले, "अब्बा, पाणी हवं का?"

अब्बांनी हात कसाबसा उचलला आणि कानामागे धरला.