बसायला जागा

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून केलं ते एवढंच, की नातीला करमणूक बागेत नेलं. ती आईबापाबरोबर मोठ्या पाळण्यात बसली. आम्ही म्हातारा-म्हातारी खाली उन्हात उभे. समोर अस्वलाचा मुखवटा घातलेला माणूस आम्हाला हात हलवत होता. ते रंगवलेलं हसू बघून मी तोंड फिरवलं.

हिला फार वेळ उभं राहवेना. खाण्याच्या दुकानापुढं बाकं मोकळी होती, तिथं ती टेकली. लगेच आतली पोरगी ओरडली, "ओ आजी, उठा! खाणाऱ्यांसाठी आहे ते."

"बाई, सोमवार आहे माझा. बाहेरचं चालत नाही. जरा टेकते."

"मग तिकडं उभ्या राहा."

ही मला म्हणाली, "अहो, घ्या की नातीसाठी काहीतरी."

मी तडकलो. "बसायला मिळावं म्हणून खायचं? ऊठ, चल!"

पोरीनं नुसतं सांगितलं होतं. हिला हाताला धरून उठवलं ते मी. अस्वल हात हलवतच होतं.

माणसाला टेकायला जागा लागते ती सुपाएवढी. ती देताना दुनिया आधी हातात काय आहे ते बघते. मी माझा ताठा बघितला.

घरी येऊन ही आडवी झाली आणि पहाटे गेली. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवून नेतात. सकाळी मी तिच्या कपाळाला विभूती लावली, भिंतीला टेकवून बसवलं, आणि मान कलू नये म्हणून खांदा लावून, हात धरून शेजारी बसलो.