कपाशीतली अंबाडी

यशोदाबाई म्हणजे आमच्या निंदणीच्या टोळीची मुकादम. शिंदखेड्याच्या अंगाला कुणाच्याही वावरात जा, विळा घेऊन सगळ्यांच्या पुढे तीच. तोंडाने फटकळ, पण कुणाला उपाशी बसू द्यायची नाही. कपाशीच्या दोन ओळींमध्ये मूठभर अंबाडी, थोडी चवळी गुपचूप टाकायची, ही आम्हा बायांची जुनीच खोड. गडीमाणसांना ती ताटात आल्यावरच कळते.

यंदा पारावर दुसरा विषयच नव्हता. तण मारायचं औषध फवारलं तरी मरत नाही अशा कपाशीवरची बंदी सरकार उठवणार म्हणे. कुणी म्हणे करा, निंदायला बाया मिळतात कुठे? कुणी म्हणे थांबा, आधी नीट तपासा. मी म्हटलं, मग आमच्या विळ्यांचं काय लोणचं घालायचं?

यशोदाबाईचा मुलगा नवल मात्र थांबला नाही. त्याच कपाशीचं चोरटं बियाणं आणून पेरलं आणि एका सकाळी फवारूनही मोकळा झाला. आईला सांगितलं नाही. मुकादमीण ती, तिने घर डोक्यावर घेतलं असतं. शिवाय बियाणं बंदीचं, बोभाटा नको.

दुसऱ्या दिवशी वावर हिरवंगारच होतं. हे औषध काही लगेच जाळत नाही. सून दिपमाला पोटुशी, दिवस भरत आलेले, तिला अंबाडीचे डोहाळे. यशोदाबाईने ओटीभर पाला खुडला, घोटून भाजी केली, वर लसणाची फोडणी. मी तिथेच ओट्यावर बसले होते. नवल आला, ताटाकडे बघितलं आणि पांढराफटक पडला.

“भाजी कोठली शे?”

“आपला वावरनी. दुसरी कोठली?”

त्याने ताट हिसकावलं. ते रिकामं होतं.

दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात दिपमाला पोट धरून बसली. एवढी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय फवारलं होतं?” आणि हा पठ्ठ्या गप्प. औषधाचं नाव घेतलं की बियाणंही उघडं पडणार ना. यशोदाबाईने त्याची कॉलर धरली.

“बोल, नवल. तुनंच लेकरू शे.”

तेव्हा बोलला.

बाळाचे ठोके लागले. बाई म्हणाल्या, आत्ता तरी ठीक आहे. पण पोटातली हालचाल रोज बघा, कमी वाटली तर लगेच या.

बाहेर नवल म्हणाला, “बंदी नसती ते मी सांगी देतू, माय.”

“आन अंबाडी टाकी, हाई मी तुले कोठे सांगं व्हतं?” असं म्हणून ती पायरीवरच बसली.

आता अंबाडी करपलीय आणि कपाशी ताठ उभी आहे. लोक बघायला येतात, वाखाणतात. यशोदाबाई तिकडे फिरकत नाही. उठली की सुनेच्या खाटेशी बसते आणि विचारते, “हालनं का वं?” दिपमाला हो म्हणेपर्यंत चूल पेटत नाही.

आज विचारलं तरी दिपमाला हो म्हणेना, नुसती पोटावर हात फिरवत राहिली. मी दारातच उभी. मग तिने सासूचा हात ओढून पोटावर ठेवला. लेकराने लाथ मारली तशी यशोदाबाई रडायला लागली.

“उद्या बी मार रे बापा,” म्हणाली.