बॅग कुठे कुठे फिरली?

तुम्हीच सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? परदेशात सेमिस्टर करून आलेल्या पोरावर, की त्याच्या बॅगेच्या चाकांवर?

मुलुंडला स्टेशनजवळ माझं बॅगांचं दुकान. विकतो आणि दुरुस्तही करतो. शाळा आठवीत सुटली, पण चाकं वाचायला शिकलो. माणूस दोन मिनिटांसाठी बॅग टाकायला येतो आणि किस्सा ठेवून जातो. माळ्यावर आता बॅगांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

त्यात ही सेमिस्टरवाली गिऱ्हाइकं. परीक्षा संपली की शेवटचे पंधरा दिवस मित्रांबरोबर पाच-सहा शहरं बघायची, ही त्यांची रीतच. तिकडचे जुने दगडी रस्ते चाकं खातात. म्हणून मी एक वही ठेवलीय. दुरुस्तीला बॅग दिली की गिऱ्हाइकाने एक रकाना स्वतः भरायचा: 'बॅग कुठे कुठे फिरली?' ते वाचून माझा कारागीर इस्माईलभाई कुठलं चाक बसवायचं ते ठरवतो. निदान आम्ही तसं सांगतो. तो वही कधी वाचतच नाही. सरळ बॅग उलटी करतो!

*

एक जण वॉरंटीत हँडल बदलून मागत होता. "काका, घरातच होती हो. एकदाही बाहेर काढली नाही."

हँडलला तीन विमानतळांच्या चिकटपट्ट्या लोंबत होत्या.

मी म्हटलं, "घर बरंच मोठं दिसतंय तुझं!"

*

नाहूरच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी स्पेनला होती. "शेवटी मैत्रिणींबरोबर नुसती म्युझियमं बघितली हो हिने," बाई कौतुकाने सांगत होत्या. तेवढ्यात इस्माईलभाईने चाक काढून काउंटरवर आपटलं. चमचाभर वाळू आणि नखाएवढा शिंपला!

"म्युझियम समुंदर में था क्या?" इस्माईलभाईने विचारलं.

मुलगी लालबुंद. मला वाटलं, आता बाई तिला इथेच झापणार. त्यांनी पर्समधून एक जुनं बिल काढलं, त्यात ती वाळू बांधली.

"मला सांगितलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं का गं?"

पुडी पर्समध्ये टाकत बाई स्वतःच म्हणाल्या, "म्हटलं असतं म्हणा."

*

चार मित्र. लांब बोरिवलीहून येऊन, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या चार बॅगा घेऊन गेले. आपण चौघे कायम एकत्र, वगैरे. दुरुस्तीला आले ते वेगवेगळ्या चार दिवशी!

पहिल्या तिघांनी प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टबद्दल माझं डोकं खाल्लं. चौथा शांत होता. मी विचारलं, "तू काय बघितलंस रे?"

"स्टेशनं."

"म्हणजे?"

"लॉकर महाग होते ना काका. चौघांच्या बॅगा घेऊन कोणीतरी बसायला पाहिजे."

"पाळीपाळीने बसायचं यार!"

"त्यांना फोटोंची हौस होती." त्याने बॅगेची चेन उगाचच दोनदा मागेपुढे केली. "पण काका, स्टेशनं झकास असतात हां तिकडची."

*

घाटकोपरचे एक गृहस्थ, जुने गिऱ्हाईक. मुलीची बॅग घेऊन एकटेच आले.

"मुलगी कुठाय?"

"मित्रांबरोबर फिरायला गेली होती. आता तिथेच राहायचं म्हणते. बॅग मैत्रिणीबरोबर पाठवली."

आत आईने दिलेली मेतकुटाची पिशवी होती. फोडलेलीसुद्धा नव्हती. इस्माईलभाईने चाकं तपासली, म्हणाला, अजून दोन वर्षं चालतील.

"नाही, नवीनच टाका," गृहस्थ म्हणाले. "येताना तिला त्रास नको."

बॅग इथे, पोरगी तिथे. चारही नवीन टाकली.

*

आता आमचा ओंकार.

जर्मनीला निघाला तेव्हा दुकानातली सगळ्यात भारी बॅग मीच त्याच्या हातात दिली. म्हटलं, "अभ्यास काय, तू इथेही करतोस. मित्र कर. फिर. मी जन्मभर लोकांना बॅगा विकल्या, विमानाची पायरी चढलो नाही. ही चाकं झिजवून आण!"

सेमिस्टर संपलं आणि फोटो यायला लागले. पूल, चर्च, तळं, पायऱ्यांवर बसून हसणारी पाच पोरं.

मी फोनवर विचारलं, "यात तू कुठेयस रे?"

"बाबा, फोटो काढणारा फोटोत दिसतो का?"

पटलं. येईल त्या गिऱ्हाइकाला मी ते फोटो दाखवले. घाटकोपरच्या त्या गृहस्थांनासुद्धा!

तो आला. आईने सुरमई तळली. "मजा आली?" "आली ना." दुसऱ्या दिवशी सवयीने मी त्याची बॅग दुकानात आणली, पुसून तेल घालायला. इस्माईलभाईने उलटी केली. नव्या चाकाच्या रबरावर साच्याची एक बारीक रेघ असते. पहिल्या दगडी रस्त्यालाच ती जाते. इथे चारही चाकांवर रेघ होती.

त्याने अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग बॅग सरळ करून ठेवली.

"शेठ, इसमें कुछ काम नहीं है."

दुपारी ओंकार माझा डबा घेऊन आला. आधी बॅग बघितली, मग इस्माईलभाईकडे बघितलं. दुकानातच वाढलेला पोरगा, त्याला काय समजावायचं! मीच म्हटलं, "फिरायला पाठीवरची सॅक नेली असशील ना?" उत्तरसुद्धा मीच पुरवत होतो. सहाही जण सॅक घेऊनच गेले असतील, असं सकाळपासून स्वतःला सांगत होतो.

तो हो म्हणाला असता, तर मी मान्य केलं असतं. त्याने वही पुढे ओढली, रकाना भरला, डबा काउंटरवर ठेवला आणि गेला.

'विमानतळ ते खोली. खोली ते विमानतळ.'

ते पान मी फाडलेलं नाही. तुम्ही बॅग घेऊन याल, तेव्हा त्याच्याच खालची ओळ तुमच्या वाट्याला येईल. तेवढा हिशेब खरा लिहा हं.