अंजनीबाईंच्या हातातली देवी

खमरियाच्या क्वार्टरांत अंजनीबाई मेश्राम भित्र्या आहेत असं कुणी म्हटलं नसतं. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चाचणीचा धमाका झाला की शेजारणी दचकायच्या, अंजनीबाई मात्र तव्यावरची पोळी उलटत राहायच्या. पण दगडाचा देव दिसला की त्यांचे हात आपोआप पदराखाली जात. हे फक्त नवऱ्याला, लक्ष्मणरावांना ठाऊक होतं.

आर्वीकडच्या गावात, लहानपणी, देवळाबाहेरच्या नंदीवर त्यांनी सहज हात ठेवला होता. सावलीतला दगड गार लागला म्हणून ठेवला, एवढंच. दिवेलागणीला गावातली माणसं दारात आली. त्यांनी बापाला अंगणात ओढून काठ्यांनी मारलं आणि पोरीला ते बघायला उभं केलं. पुढे गाव सुटलं, लग्न होऊन त्या जबलपूरला आल्या. छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले. हातांतली भीती तेवढी राहून गेली.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मुलगी हेमलता त्यांना शहरात घेऊन गेली. एका जुन्या मालगुजाराच्या बंगल्यात त्याचा संग्रह लोकांसाठी खुला झाला होता.

"मले नको नेऊ वं," अंजनीबाई फाटकाशी अडल्या. "तिथं देव असतील."

"आई, ते मंदिर थोडंच आहे? आपण टिकट काढलंय. तू काहून भिऊन राहिली?"

आत राजेराण्यांची तैलचित्रं होती, चिनी फुलदाण्या होत्या, गोंडांचे लाकडी मुखवटे होते. हेमलताला कॉलेजातली मैत्रीण भेटली आणि दोघी चित्रांपुढे रेंगाळल्या. बाहेरची वाट शोधत अंजनीबाई मागच्या दालनात शिरल्या, आणि जागीच थिजल्या. चहूकडे मूर्ती. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, डोळे मात्र सगळ्यांचे उघडे. त्या पदर आवळून मागे सरल्या, तोच पाठीला काहीतरी लागलं.

धक्क्यानं मागची लाकडी घडवंची कलंडली होती. वरची देवी झुकली. विचार करायला वेळच नव्हता. अंजनीबाईंनी वळून तिला दोन्ही हातांनी कवटाळलं.

दगडाचा गारवा गालाला लागला. सोडावं तर देवीचे तुकडे होणार. हाक मारावी तर लोक येऊन बघणार, कुणी शिवलं ते. आता हेमलताला ओढतील, आता तिला मारतील, असं त्यांना वाटू लागलं. दंडांतली ताकद सरत चालली.

दारात बुटांचा आवाज झाला. खाकीतला पहारेकरी, हातात काठी.

"मैंने नहीं किया, भैया," त्या पुटपुटल्या. "लड़की को कुछ मत बोलना. उसने नहीं छुआ."

त्यानं काठी टाकली आणि धावत येऊन मूर्तीखाली खांदा दिला. "छोड़ना मत, अम्मा. कसके पकड़ो."

त्याच्या ओरडण्यानं आणखी दोघे आले. सगळ्यांनी मिळून देवी जमिनीवर टेकवली. अंजनीबाईंचे हात सुटले तरी तसेच वाकडे राहिले. संग्रहालयाचे व्यवस्थापक आले, त्यांनी नाव विचारलं. आडनाव सांगताना अंजनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अरे, बहनजी के लिए कुर्सी लाओ," एवढंच व्यवस्थापक म्हणाले.

रामकृष्ण नावाचा तो पहारेकरी पाणी घेऊन आला. अंजनीबाईंनी खाली बसून ओंजळ पुढे केली. तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं भरलेला पेला त्या ओंजळीतच ठेवला. वाकडी झालेली बोटं पेल्याभोवती नीट मिटेनात, निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

हेमलता धावत आली तेव्हा आई रडत होती. का, ते तिला कळेना. खमरियाच्या बसमध्ये बसल्यावर अंजनीबाईंनी तिला सारं सांगितलं, नंदी, अंगण, बापाची पाठ, सगळं. ऐकता ऐकता पोरीनं आईचे दुखरे दंड दाबायला घेतले.

अधारतालचा थांबा मागे पडल्यावर अंजनीबाईंनी हळूच विचारलं, "कोन होती वं ते बाई?"

"कोण?"

"दगडाची."

"पाटी वाचायची राहिली, आई."

"लय जड होती," अंजनीबाई म्हणाल्या.