सहीच्या वरची जागा

सोमवार आहे. पोथीचा अध्याय झाला, महादेवाला बेल वाहिला, आणि दुपारी देवघरापुढच्या चटईवर जरा आडवी होते. पोथी मिटलेली, प्रकल्पाची वही उघडी. चाळिशीत कॉलेजात नाव घातलंय मी, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन. प्रकल्पाचा विषय 'स्त्रियांचा राजकीय सहभाग'. चार वाजता वही सरांकडं द्यायची आहे. डोळे जड होतात. उदबत्तीच्या वासात खडूचा वास मिसळत जातो.

बाकावर बसलेय. सर हजेरी घेतायत. "कौसल्या पाटोळे," ते पुकारतात. या माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. पाच वर्षं गावच्या सरपंच होत्या. जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या बाकावरून त्यांचे यजमान, माझे थोरले दीर, म्हणतात, "हजर."

सर पुढचं नाव घेतात. कुणी हसतसुद्धा नाही.

अक्का दारात उभ्या आहेत, चपला हातात घेऊन. आत या म्हणते, तर म्हणतात, खुर्ची भरलीय. खरंच, वर्गाचं ग्रामपंचायतीचं ऑफिस झालंय आणि खुर्चीत दादा, म्हणजे दीरच, बसलेत.

"कॉलेजात याला प्रॉक्सी म्हणतात, अक्का. सापडलं तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"आमच्यात याला सांभाळून घेणं म्हणायचे."

त्या वही मागतात. हयातीत सहीपुरतंच लिहिता-वाचता यायचं त्यांना. इथं घडाघडा वाचतात: 'सरपंच सौ. पाटोळे यांनी साठही सभांना उपस्थित राहून निर्णयांत सक्रिय सहभाग घेतला.' कुठून काढलंस हे, असं विचारतात. प्रोसिडिंग बुकातून, मी सांगते. प्रत्येक पानाखाली तुमची सही आहे, आणि सर म्हणाले, पुरावा लेखीच लागतो.

"मी सही केली तेव्हा वर काय लिहिलेलं होतं गं, शालन?"

काही नव्हतं. मला ठाऊक आहे. बुक घरी यायचं, अक्का भाकरी थापायच्या थांबून, हात पुसून, कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायच्या. वरचं दादा नंतर भरायचे. शाळेकडची पाणंद पक्की करा म्हणून अक्का पाच वर्षं सांगत राहिल्या. तो ठराव त्या वरच्या जागेत कधी उतरला नाही. संतापानं माझे कान तापतात. दादांचा राग येतो, सरांच्या लेखी पुराव्याचा येतो, आणि सगळ्यांत जास्त माझा; कारण त्याच चुलीपाशी बसून मी हे बघितलं आणि वहीत भलतंच उतरवलं.

"घरातल्या माणसाचं उणं बोलायचं नाही, असं व्रत आहे माझं," मी कशीबशी म्हणते.

"देवापाशी घेतलंस, का दादांपाशी?"

ऑफिसच्या भिंती न्हाणीसारख्या ओल्या झाल्यात.

"मेल्यावर तरी मला हजर धरू नको," अक्का म्हणतात आणि माझं मनगट पकडतात. पीठ मळणाऱ्या हाताची पकड.

जागी होते. साडेतीन वाजलेत, घरात कुणी नाही. देवाला हात जोडते आणि ते वाक्य खोडते. वर लिहिते: साठही सभांना सरपंच गैरहजर होत्या, त्यांच्या सह्या कोऱ्या पानांवर घेतल्या गेल्या. खाली, बघणारी म्हणून, माझं पूर्ण नाव. पेन धरलेल्या हाताच्या मनगटावर चार बोटं उमटलीत, लाल. चोळली तरी जात नाहीत.