मैदानाकडे पाठ करून

नंदुरबारहून पहाटेची पॅसेंजर धरली, सुरतेला गाडी बदलली आणि दुपारी बडोद्याला उतरलो, तर फलाटावर हमालांपेक्षा बंदूकवालेच जास्त. मी घाबरलो असं म्हणणार नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, रोज साठ पोरांपुढे उभा राहणारा मास्तर. पिशवी मात्र छातीशी घट्ट धरली, एवढं खरं.

रिक्षावाल्याला विचारलं, तर तो लग्नघरातल्या माणसासारखा खुशीत म्हणाला, "मॅच छे ने! आखुं गाम छावणी थई गयुं!" (मॅच आहे ना! सगळं गाव छावणी झालंय.) त्या दिवसांत सीमेवर वातावरण तंग होतं, म्हणून पोलिसांच्या जोडीला लष्कराचे जवानही आणले होते. आमच्याकडे बंदोबस्त वाढला की लोक दारं लावून घेतात. बडोदेकर तो बघायला सहकुटुंब बाहेर पडले होते. मांजलपूरच्या वळणावर दोन बायका एका जवानाला ताक घ्या, ताक घ्या म्हणून आग्रह करत होत्या आणि तो बिचारा लाजून हेल्मेटचा पट्टा चाचपत होता.

नामदेवकाका रेल्वेच्या शेडमधून निवृत्त होऊन मांजलपुरातच राहत. पाय धुऊन होतात न होतात तोच काकू म्हणाल्या, "आधी जमून (जेवून) घे. शाक (भाजी) गरम आहे. रोटली अजून एक घे ने!" पस्तीस वर्षं गुजरातेत काढलेल्या आमच्या काकूंची मराठी अशी गुळचट झालेली.

काकांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला तेव्हा कळलं, नजर पार गेली होती. काचबिंदू. उजेड-अंधार तेवढा कळे.

"तिकिटं आहेत दोन," ते म्हणाले. "शेजाऱ्यानं दिली. जन्मभर मॅच ऐकली रे सुभ्या, मैदानात पाय ठेवला नाही. एकदा आत बसून ऐकतो."

हे ऐकणं काय होतं ते सांगायला हवं. मी लहान असताना काका सुटीत गावी येत ते ट्रान्झिस्टर घेऊन. निंबाखाली सारी आळी जमे. कॉमेंट्री इंग्रजीत, आणि काका सातवी शिकलेले. पण लोकांचा गलका आला की ते बेधडक सांगत, "गेला! वडाच्या शेंड्यावरून गेला! खालची म्हातारी पदर सावरून पळाली!" ती पेटी खरंच काय बोलते हे कळावं म्हणून मी इंग्रजी शिकलो. कळल्यावर हिरमुसलो. तिच्यात ना वड होता ना म्हातारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकाशी रांग लागली होती आणि रांगेत कुरकुर. "अमे मॅच जोवा आव्या के लडाई करवा?" (आम्ही मॅच बघायला आलो की लढाई करायला?) काकूंनी दिलेला स्टीलचा डबा आत चालेना. थेपले रुमालात बांधले, लीलो चेवडो (बटाट्याचा ओला, हिरवा चिवडा) पिशवीत ओतला. आमच्या पुढच्या आजोबांच्या खिशात अडकित्ता निघाला. जवान तो उलटसुलट करून बघतोय आणि आजोबा ओरडताहेत, "अरे भाई, सोपारी कापवानो छे, कोईनुं गळुं नहि!" जवानही हसला, पण अडकित्ता गेलाच.

मग काकांचा ट्रान्झिस्टर. जवान म्हणाला, "सेल निकालो बाबा. लोग फेंककर मारते हैं."

काका जागीच थांबले. "साहब, मेरे को दिखता नहीं. ये बंद होगा तो मैं अंदर जाके क्या करूंगा?"

जवानानं त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला आणि लगेच मागे घेतला. रांगेतली कुरकुर बंद पडली. कुणीतरी म्हणालं, "जवा दो ने भाई, काका छे." (जाऊ द्या ना.) जवानानं अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. सेल पिंपात पडल्याचा आवाज काकांनी ऐकला.

"चल परत," ते म्हणाले.

"आत चला. मी सांगतो."

"तू?" त्यांच्या त्या एका शब्दात माझी बी.ए.ची पदवी उतरली.

आत गेलो तर नवल. कुंपणाशी ओळीनं जवान उभे, सगळे मैदानाकडे पाठ करून. त्यांनी आमच्याकडे बघायचं, खेळाकडे नाही. आमच्या अगदी पुढ्यात पंचविशीतला एकजण होता. लोकांना राहवेना. "भाई, एक वार पाछळ तो जुओ!" (एकदा मागे तर बघा!) तो म्हणे, "ऑर्डर नहीं है." चेवडा पुढे केला, तरी तेच.

खेळ सुरू झाला. मी सांगू लागलो. चेंडू अडवला. एक धाव. चेंडू सोडला. पाच-सहा षटकं झाली असतील.

"हजेरी घेतोयस का रे?" काका कावले. "हजर, गैरहजर, हजर! काल गोलंदाज जेवला होता की नाही, ते तरी सांग!"

आजूबाजूचे खो-खो हसले. तेवढ्यात समोरचा जवान, मान न हलवता, हळूच म्हणाला, "सर, हिंदी में बोलिए ना."

आता ऐकणारे दोघे. मग मात्र मी सगळं सोडलं. हिंदीत सुरू केलं. गोलंदाज कर्जवसुलीला निघाल्यासारखा धावतोय, यष्टिरक्षक मांजरासारखा दबा धरून बसलाय. अडकित्ता गमावलेले आजोबा शेजारीच होते. ते म्हणाले, "मास्तर, चोग्गा बहु थया, एक छग्गो मारो ने!" (चौकार फार झाले, एक षटकार मारा ना!) आणि खरंच एक उंच फटका बसला. दोरीच्या जेमतेम पलीकडे पडला तो. मी उभा राहून ओरडलो, "गया! पेड़ के ऊपर से गया! नीचे की बुढ़िया पल्लू संभालकर भागी!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "म्हातारी अजून आहे म्हणायची!" जवानाचे ओठ हलले. त्याला हसायचीही ऑर्डर नसावी.

आपण जिंकलो. गर्दी ओसरली, शिट्टी वाजली आणि जवान एकदाचा मागे वळला. बराच वेळ बघत राहिला.

"बस, इतना ही है?" तो म्हणाला. "आप बता रहे थे, तब तो बहुत बड़ा था."

"देखा?" काका म्हणाले, "इसी के लिए मैं सुनता हूं." आणि चाचपत त्याच्या खिशात मूठभर चेवडा घातला. या वेळी तो नाही म्हणाला नाही.

फाटकापाशी पिंप उपडं करून सेलांचा ढीग घातला होता. कुणाचे कुठले, कळायला मार्ग नव्हता. जे हाताला आले ते घातले. पेटी खरखरली. काकांनी ती बंद केली. "राहू दे. घरापर्यंत तूच सांग."

परतीच्या गाडीत सुरत येईपर्यंत ऊस, केळी बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांचंही वर्णन करत होतो. ती खोड लागली ती लागलीच.

काका आता नाहीत. बंदोबस्त आता प्रत्येक सामन्याला असतो. झडतीला लोकांचे हात आपसूक वर जातात, कुणी कुरकुरत नाही, जवानाला ताकही विचारत नाही. मी मॅच घरी रंगीत टीव्हीवर बघतो. एकेक चेंडू चार बाजूंनी दाखवतात. पण कधी पडद्याच्या कडेला तो दिसतो, मैदानाकडे पाठ करून उभा असलेला. मग मी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि त्याला हिंदीत सांगायला लागतो.